पटाची जोडी आणि वखराची जोडी: प्रस्तावना

मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला राज्य सरकारच्या योजनेतून लॅपटॉपसाठी २५,००० रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींत ही रक्कम हाती आली की घरोघर एकच प्रश्न सुरू होतो: आय-थ्री घ्यावा की आय-फाईव्ह, इंटेल बरा की रायझन, नवा घ्यावा की नागपूरहून जुना, आणि यातला फास्ट कोणता? व्याकरणाच्या दृष्टीने हा प्रश्न पुरा आहे, अर्थाच्या दृष्टीने अर्धवट. हाच माणूस बैलबाजारात उभा राहिला तर असा प्रश्न विचारणार नाही. तिथे कोणी ‘जोडी कशी आहे?’ म्हटले, की उलट सवाल येतो: कशाला पाहिजे? शंकरपटाच्या शर्यतीत थोड्या सेकंदांत झेप घेणारी जोडी आणि दिवसभर काळ्या मातीत वखर ओढणारी जोडी वेगळी, हे इथल्या पोरासोरांनाही कळते. पटाच्या बैलाला कोणी वखराला जुंपत नाही आणि वखराच्या बैलाला पटावर हरला म्हणून कोणी विकत नाही. संगणकाच्या दुकानात मात्र हे शहाणपण आपण दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत शिरतो. या पुस्तिकेचे म्हणणे एवढेच की ते आत न्यावे. वेग हा प्रोसेसरच्या अंगचा गुण नाही. अमुक काम, अमुक यंत्र आणि अमुक जागा मिळून तो ठरतो, आणि तो मोजायचे प्रामाणिक माप म्हणजे ते काम संपायला लागलेला वेळ.

हे म्हणणे नवे नाही, पण बाजाराने ते दर पिढीत नव्या रीतीने विसरायला लावले आहे. आधी विसरायला लावले ते गिगाहर्ट्झने. मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अॅथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री. सेकंदाला शंभर कोटी ठोके! त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंटेलचा पेंटियम फोर १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झने आला, आणि अनेक कामांत तो १ गिगाहर्ट्झच्या जुन्या भावापुढे फारसा सरकेना; काहींत तर मागेच पडला. कारण ठोका म्हणजे काम नव्हे. टोपल्या हातोहात पुढे देणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांपुढे आणा. पेंटियम थ्रीच्या रांगेत साधारण दहा माणसे होती, पेंटियम फोरच्या रांगेत वीस. माणसे जवळजवळ उभी, म्हणून टोपली एका हातातून दुसऱ्या हातात जायला वेळ कमी आणि ठोके जास्त. पण पुढे कोणती टोपली लागणार याचा अंदाज चुकला की वीस हातांतल्या टोपल्या फेकून रांग पुन्हा पहिल्यापासून भरायची. २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ही रांग ३१ पर्यंत लांबली, उष्णता आवरेना, आणि ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर त्याच वर्षी इंटेलने रद्द केला. २००६ मध्ये त्याच कंपनीचा कोअर टू ड्युओ तीनच्या आतल्या गिगाहर्ट्झवर आला आणि ३.८ वाल्या पेंटियम फोरला सहज मागे टाकून गेला. गिगाहर्ट्झचा मुद्दा तिथेच संपायला हवा होता. पण तो आकडा आजही जाहिरातींत झळकतो.

मधल्या काळात एएमडीने वेगळी वाट काढली. ऑक्टोबर २००१ च्या अॅथलॉन एक्सपीवर त्यांनी गिगाहर्ट्झऐवजी ‘१८००+’ असा क्रमांक छापला. आतला ठोका १.५३ गिगाहर्ट्झचा होता. आपली चिप कमी ठोक्यांत जास्त काम करते हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण त्यातून आकड्याची जागा नावाने घेतली, आणि नाव फुगवणे आकडा फुगवण्याहून सोपे. आज आपण ज्या ‘आय-फाईव्ह, आय-सेव्हन’वर भरवसा ठेवतो ती अशी नावे आहेत. २०१६ चा आय-सेव्हन ७५००यू दोन गाभ्यांचा (कोअरचा) होता, २०१७ चा आय-फाईव्ह ८२५०यू चार गाभ्यांचा. नावाने धाकटा, पण बरीच कामे एकदम करायची असतील तर थोरल्याला भारी. गंमत म्हणजे धाकट्याचा मूळ ठोका १.६ गिगाहर्ट्झ आणि थोरल्याचा २.७, म्हणजे नाव आणि गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात आणि दोन्ही चुकतात. एएमडीही यात मागे नाही. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ५ ७५२०यू या नावातला सात आपल्याला नव्या पिढीचा वाटतो. गाभ्याची रचना मात्र २०१९ पासून चालत आलेली झेन २ आहे. जुने असणे हा दोष नव्हे, २५,००० च्या टप्प्यात ते बरेही ठरेल. दोष आहे तो नावावरून वय न कळण्याचा.

मग चाचण्या घ्याव्यात, असे कोणीही म्हणेल. एकच ठराविक काम सगळ्या यंत्रांना द्यावे आणि घड्याळ लावावे. तत्त्व निर्दोष आहे, आणि शास्त्रज्ञांनी अर्ध्या शतकापासून ते पाळले आहे. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात व्हेटस्टोन नावाची चाचणी निघाली, १९८४ मध्ये ड्रायस्टोन. (पहिल्या नावात ‘ओला’ ऐकू येतो म्हणून दुसऱ्याने ‘कोरडा’ घेतला, विनोद संगणकवाल्यांचा, त्यामुळे तो समजावूनच सांगावा लागतो.) पण चाचणी प्रसिद्ध झाली की ती काम राहत नाही, परीक्षा होते; आणि परीक्षेचा पेपर आधीच माहीत असेल तर काय होते हे आपल्या मुलुखाला वेगळे सांगायला नको. ड्रायस्टोन इतका छोटा होता की तो चिपच्या आतल्या चिमुकल्या स्मृतीत मावून जाई, आणि हुशार कंपायलर (आपला कार्यक्रम यंत्राच्या भाषेत उतरवणारे) त्यातले बरेच काम ‘निरुपयोगी’ म्हणून गाळूनच टाकत. म्हणून १९८८ मध्ये काही कंपन्यांनी मिळून स्पेक ही संस्था काढली आणि खऱ्या कार्यक्रमांवर आधारलेला संच बनवला. त्या पहिल्याच संचातल्या मॅट्रिक्स-३०० नावाच्या भागावर कंपायलरवाल्यांनी असा डाव शोधला की गुण भराभरा वाढले, आणि पुढच्या संचातून तो भाग काढावा लागला. हा नुसता जुना किस्सा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच स्पेकने २,६०० हून अधिक प्रसिद्ध निकालांवर शेरा मारला, कारण इंटेलच्या कंपायलरमध्ये संचातल्या एका विशिष्ट कार्यक्रमापुरती युक्ती होती आणि इतरत्र तिचा फारसा उपयोग नव्हता. पेंटियम फोरच्या चाचण्यांत फेरफार केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत खटला चालला; इंटेलने चूक मान्य केली नाही, पण २०१४ मध्ये तडजोड होऊन त्या काळच्या खरेदीदारांना १५ डॉलर देण्याचे ठरले. फोनवाल्यांनी तर चाचणीचे नाव ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवण्याची कला साधली: सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-४ बद्दल २०१३ मध्ये हे उघड झाले, आणि हुवावेचे काही फोन २०१८ मध्ये एका चाचणी कंपनीने यादीतून काढले.

इथे कोणी म्हणेल, की ही लबाडी झाली. लबाडी वगळली तर चाचणीचा आकडा खराच. माझ्या मते खरी अडचण लबाडीच्या पलीकडे आहे, आणि ती दिसण्यासाठी लॅपटॉप सोडून थोडा वेळ पुण्याकडे पाहावे लागते. भारतात महासंगणक बनवण्याची धडपड सुरू झाली ती पावसाच्या अंदाजाच्या गरजेतून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी अमेरिकेकडून मोठा क्रे महासंगणक मिळेना, धाकटा मिळाला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे, नागपुरात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पुढे २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातलाच, टाटांच्या संस्थेचा ‘एका’ जगाच्या टॉप-५०० यादीत चौथा आला: सेकंदाला ११७.९ लाख कोटी आकडेमोडी. कागदावरची कमाल क्षमता मात्र १७० लाख कोटींच्या वर होती, म्हणजे खुद्द चाचणीतही त्याला सत्तरेक टक्केच गाठता आले. ही चाचणी असते एकसामयिक समीकरणांचा अतिप्रचंड संच सोडवण्याची. त्यात एकदा जवळ आणलेली संख्या पुन्हापुन्हा वापरता येते, म्हणून प्रोसेसर पळतो. हवामानाचे गणित तसे नाही. तिथे प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनातला वारा, दाब, ओल विचारावी लागते, आणि प्रोसेसर बराच वेळ स्मृतीकडून निरोप येण्याची वाट पाहतो. म्हणून शास्त्रज्ञांनी एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी काढली. तिच्यात मोठमोठी यंत्रे आपल्या कमाल क्षमतेच्या अवघ्या काही टक्क्यांवर येतात, आणि क्रमही बदलतो. २०२२ मध्ये अमेरिकेचा फ्रंटियर समीकरणांच्या यादीत पहिला झाला, जपानचा फुगाकू त्याच्या निम्म्याहूनही मागे होता. दुसऱ्या चाचणीत तोच फुगाकू १६ पेटाफ्लॉप्सने (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी) पहिला आणि फ्रंटियर १४ वर. यात कोणी लबाडी केली नाही. काम बदलले, एवढेच.

या महासंगणकांचा आपल्याकडच्या संत्र्याच्या बागांशी काय संबंध? अंबिया बहाराची बारीक फळे झाडावर आणि मृग बहाराची तोड चालू असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा आल्या तर पांढुर्णा-सौंसरच्या बागाईतदाराला पेटाफ्लॉप्सचे काही घेणे नसते. गारपिटीची सूचना केव्हा आली आणि ती आपल्या शिवारापुरती होती का, हे दोनच प्रश्न. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये प्रत्युष आला आणि त्याच वर्षी जागतिक अंदाज १२ किलोमीटरच्या जाळीवर चालू लागला. पांढुर्णा आणि सौंसर ही गावे सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर. म्हणजे त्या जाळीत दोन गावांच्या मध्ये जेमतेम दोन चौकोन. मे २०२५ मध्ये अर्क या नव्या यंत्रावर ६ किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. दोन चौकोनांचे चार झाले, पण गणिताच्या दृष्टीने जाळी निम्मी करणे म्हणजे चौपट चौकोन आणि वेळेचे टप्पेही दुप्पट, एकूण काम साधारण आठपट. त्या वेळी दोन यंत्रांची तुलना सांगितली गेली ती मला आवडली: प्रत्युषला अंदाजाचे गणित पुरे करायला दहा तासांपर्यंत लागत, अर्कला चार. अंदाज उद्याचा असेल तर सहा तास हा खरा फरक आहे, आणि तो शेतकऱ्यालाही कळतो.

महासंगणकाला जे लागू आहे ते २५,००० च्या लॅपटॉपला जास्तच लागू आहे, कारण त्याला वातानुकूलित दालन नसते. आजचे प्रोसेसर पटाच्या बैलासारखे बनवले आहेत. काम अंगावर आले की सुरुवातीला ते नेमून दिलेल्या विजेपेक्षा जास्त वीज ओढून झेप घेतात, काही सेकंद ते अर्धाएक मिनिट, आणि मग तापून आपल्या मूळ चालीवर येतात. बहुतेक छोट्या चाचण्या या झेपेतच संपतात. वखराचे काम, म्हणजे लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ बनवणे किंवा शेकडो पानांचे स्कॅन एका फाईलमध्ये घालणे, झेपेनंतर सुरू होते. त्यात आपला मे महिना. चिप साधारण १०० अंशांवर स्वतःला आवरते. बाहेर २५ अंश असतील तर उष्णता बाहेर ढकलायला ७५ अंशांचा उतार मिळतो. खोलीतच ४४ अंश असतील तर ५६ चा. पंखा तोच, जाळी तीच, म्हणजे यंत्र सतत जितकी वीज पचवू शकते ती सुमारे पाऊणच उरते. वेग त्याच प्रमाणात घटत नाही, काहीसा कमी घटतो, पण घटतो; आणि दोन यंत्रांत तो सारखा घटत नाही. पातळ, देखणा, बंद तळाचा लॅपटॉप आणि जाडजूड, मोठ्या पंख्याचा लॅपटॉप यांत एकच चिप असली तरी हिवाळ्यातला निकाल उन्हाळ्यात उलटू शकतो. परदेशातल्या गार खोलीत घेतलेली चाचणी खोटी नसते. ती सौंसरच्या पत्र्याच्या खोलीतली नसते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात जवळजवळ कधीच बोलली जात नाही. आपल्याकडे मशीन ‘स्लो’ नसते, ‘हँग’ असते. हा शब्द निदान म्हणून बराच नेमका आहे: यंत्र सावकाश चालत नसते, ते थांबलेले असते, कशाची तरी वाट पाहत. ऑनलाइन केंद्रावर एक फॉर्म भरायला समजा ६० सेकंद लागतात आणि त्यातले ६ सेकंद प्रोसेसर खरोखर राबतो. उरलेले नेटची, पोर्टलच्या सर्व्हरची, डिस्कची वाट. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर वाचले ३ सेकंद. अनंत वेगाचा घेतला तरी ६. जीन आम्डाल यांनी १९६७ मध्ये हाच हिशोब मोठ्या यंत्रांसाठी मांडला होता. ४ जीबी रॅमच्या यंत्रात ब्राउजरचे दहा टॅब आणि स्कॅनर एकदम चालवले की माहिती डिस्कवर जा-ये करू लागते, आणि मग आय-सेव्हनही खुंट्याला बांधलेला. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आणि रॅम ४ ची ८ केल्यावर जो फरक दिसतो, तो त्याच पैशांत प्रोसेसरचे नाव एका पायरीने वाढवून सहसा दिसत नाही. सीपीसीटी या संगणक-परीक्षेच्या तयारीसाठी टायपिंग करणाऱ्या मुलाच्या यंत्रात तर प्रोसेसर जवळपास झोपलेलाच असतो. त्याने चांगल्या कीबोर्डवर पैसे घालावेत.

यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला: सगळेच कामावर अवलंबून असेल तर तुलनाच संपली. उलट आहे. काम न सांगता विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. काम सांगितले की उत्तर पक्के, सेकंदांत. दुसरा: सामान्य गिऱ्हाइकाला एक आकडा लागतोच, प्रत्येकाने प्रयोगशाळा काढायची काय? हे मला बरेचसे मान्य आहे. प्रसिद्ध चाचण्यांचे गुण बाजारभावासारखे वापरावेत. मंडीतला भाव आपल्या बागेचे मोल सांगत नाही, पण व्यापारी फार खाली बोलत असेल तर ते कळते. दुप्पट-तिप्पट फरक असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा. पाच-दहा टक्क्यांचा असेल तर तो वाचलाच नाही असे समजा, कारण तेवढा फरक तर एकाच यंत्रात पंख्यातली धूळही पाडते. तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. बारावीच्या मुलाला उद्या काय काम पडेल हे आज कुठे माहीत? तो इंजिनिअरिंगला जाईल, शेती सांभाळेल किंवा बँकेच्या परीक्षा देईल. याचे पुरे उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणता येते, की अनिश्चित भविष्यासाठी पैसा तिथे घालावा जिथे पुढे वाढ करता येते: रॅमची रिकामी खाच, बदलता येणारी डिस्क, उघडता येणारा तळ. सोल्डर करून बसवलेल्या ४ जीबी रॅमवर कितीही मोठ्या नावाची चिप असली तरी ती घेऊ नये. हे मी सल्ला म्हणून नव्हे, निकाल म्हणून लिहितो आहे.

दुकानदार मोजू देत नाही, ही तक्रार खरी आहे. पण मोजायला दुकानच लागते असे नाही. या दोन तहसिलींत ऑनलाइन केंद्रे आहेत, शाळा-कॉलेजच्या लॅब आहेत, फोटो स्टुडिओ, हिशोबाच्या पेढ्या, पत्रिका छापणारे डीटीपीवाले आहेत, आणि त्यांच्याकडे वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या चिपांची यंत्रे रोज राबत आहेत. ज्याला हिशोबासाठी यंत्र घ्यायचे त्याने हिशोबाच्या पेढीतल्या यंत्राचा वेळ पाहावा. पुढच्या प्रकरणांत मोजण्याची रीत सविस्तर दिली आहे. थोडक्यात तिची पथ्ये अशी: फाईल तीच ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, पहिली खेप धरू नका, नंतरच्या तीन खेपा लिहा आणि त्यांतली मधली घ्या. अर्धा तास राबवून तापल्यावर पुन्हा मोजा आणि चार्जर काढूनही मोजा, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप गुपचूप चाल मंदावतात आणि आपल्याकडे वीज जाते. चिपचे पुरे नाव लिहा, नुसते ‘आय-फाईव्ह’ नको. रॅम, डिस्कचा प्रकार, महिना आणि खोलीतला पंखा की कूलर हेही लिहा.

पुस्तिकेच्या शेवटी रकाने आखलेली पाने मुद्दाम कोरी सोडली आहेत. ती आपल्या यंत्राच्या वेळांनी भरा आणि पुढच्या वर्षी ज्याच्या घरी २५,००० येतील त्याला वाचायला द्या. मे महिन्यातली मोजणी तेवढी चुकवू नका.